डोकं उत्तरेकडे

रविवारी दुपारी अडीच वाजता ग्लेन वेव्हर्लीच्या त्या कम्युनिटी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. उशिरा आलेल्यांनी गाड्या गवतावर चढवल्या होत्या. आत मधोमध एक घडीचं मसाजचं टेबल, टेबलावर पालथे पडलेले बाळकाका, आणि त्यांच्या कमरेवर जाड अंगठी घातलेल्या हाताने होकायंत्र धरून उभे असलेले श्रीनाथजी. सुई आधी थरथरली, मग गरकन फिरली. शंभर माणसांनी एकदम श्वास आत घेतला.

काकांना सुई दिसत नव्हती. त्यांचं तोंड टेबलाच्या भोकात होतं आणि समोर फक्त श्रीनाथजींचे बूट होते. पण आपल्या कमरेत काहीतरी मोठं घडतंय एवढं त्यांना कळलं, आणि खरं सांगायचं तर छान वाटलं. एकाहत्तर वर्षांत त्यांच्या कमरेकडे इतक्या लोकांनी एकदम कधी पाहिलं नव्हतं.

"उत्तर अडकली आहे," श्रीनाथजी माईकवर म्हणाले. काही वर्षांपूर्वी ते सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचे, आता माणसांतल्या शोधत. "काका, घरी झोपताना डोकं कुठे करता?"

"दक्षिणेला. आमच्याकडे उत्तरेला फक्त मेल्यावर करतात."

हॉल हसला. श्रीनाथजीही हसले. "बरोबर. पण तुम्ही विषुववृत्त ओलांडून आलात ना? गोलार्ध उलटा, चुंबकत्व उलटं. रक्तात लोह असतं, ते झोपेत चुकीच्या बाजूला ओढलं जातं. तिकडची दक्षिण म्हणजे इथली उत्तर. आता उठा आणि वाका."

काका उठले, वाकले. बोटं बुटांना टेकली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मुलगी मंजिरीकडे राहायला आल्यापासून काकांची कमर रोज सकाळी लाकडासारखी ताठ व्हायची. पलंगाची कड धरून उभं राहायलाच दहा मिनिटं जायची. मग चहा, अंघोळ आणि नात ओवीला शाळेत सोडून येणं, एवढं झालं की दहापर्यंत दुखणं विसरायला व्हायचं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

घरी आल्याआल्या त्यांनी पलंग फिरवायला घेतला. फिरवला, तर कपाटाचं दार उघडेना. शेवटी पलंग भिंतीला उभा केला आणि गादी कार्पेटवर टाकली, डोकं उत्तरेला.

"बाबा, सीरियसली?" मंजिरी म्हणाली. "तुम्ही आम्हाला पेपरातलं राशिभविष्यसुद्धा वाचू द्यायचा नाहीत."

"हे राशिभविष्य नाही. यात लोह आहे," काका म्हणाले.

सकाळी ते ताडकन उठले. कमर ठीक. दुसऱ्या दिवशीही ठीक. तिसऱ्या दिवसापासून काका गोलार्धांचे जाणकार झाले. देवळात, व्हॉट्सअॅपवर, बसस्टॉपवर सगळ्यांना त्यांनी पृथ्वीचं चुंबकत्व समजावलं. शेजारच्या ग्रीक आजोबांना तर हातवारे करून समजावलं. त्यांनी सहानुभूतीने काकांना लिंबं दिली.

गुरुवारी यामिनी घरी आली. मंजिरीची मैत्रीण, लॅबमध्ये काम करणारी. तिचीही पाठ झोपून उठल्यावर धरायची, पण कळ डाव्या पायातून खाली जायची आणि बोटं बधिर व्हायची.

"काका, तुमचं बघून मी येत्या मंगळवारचा स्कॅन कॅन्सल केला," ती म्हणाली. "आधी श्रीनाथजींना दाखवते. रविवारी माझा नंबर आहे."

"छान केलंस," काका म्हणाले.

शुक्रवारी मंजिरीने कपाट सरकवून घेतलं. काकांची गादी पुन्हा पलंगावर गेली, डोकं मात्र उत्तरेलाच. शनिवारी सकाळी कमरेचं लाकूड झालेलं.

काकांनी श्रीनाथजींना फोन लावला. "घरात कोणीतरी शंका घेतंय," श्रीनाथजी म्हणाले. "शंका ऊर्जा खाते."

काका दोन कप चहा होईपर्यंत मंजिरीकडे संशयाने बघत बसले. तेवढ्यात ओवी पलंगाखाली शिरली आणि तिथून तिचा आवाज आला, "आबा, मे बी इट्स द बेड. टू ऑफ दीज आर ब्रोकन."

गुडघे टेकून काकांनी पाहिलं. गादीला आधार देणाऱ्या मधल्या दोन लाकडी पट्ट्या मोडून खाली लोंबत होत्या. त्यांच्यावर गादीचा खोलगट झोळ, आणि त्या झोळात नेमकी काकांची कमर. पट्ट्या कोणी उड्या मारून मोडल्या, हा विषय ओवीने काढला नाही.

काका तसेच जमिनीवर बसून राहिले. भोसरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं त्यांनी मापं तपासली होती. भागात केसाएवढी चूक दिसली तर माल परत पाठवणारा माणूस. मशीन बिघडलं की आधी एक गोष्ट बदलायची, मग दुसरी, हे त्यांनी कितीतरी पोरांना रागावून शिकवलं होतं. आणि स्वतःच्या कमरेसाठी दिशा आणि पलंग दोन्ही एकदम बदलून श्रेय दिशेला देऊन बसले होते.

त्या दिवशी त्यांनी गादी पुन्हा जमिनीवर टाकली आणि डोकं दक्षिणेला केलं, इथे निषिद्ध ठरवलेल्या दिशेला. रविवारी सकाळी कमर ठणठणीत. हिशेब सरळ होता: मोडक्या पलंगावर कुठल्याही दिशेला दुखत होतं, जमिनीवर कुठल्याही दिशेला दुखत नव्हतं.

मग त्यांना आपलं "छान केलंस" आठवलं.

त्यांनी यामिनीला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "काका, तुमचा पलंग मोडका असेल. पण सुई फिरली ती? मी स्वतः पाहिली. मी आजचा नंबर सोडणार नाही."

सुईही तपासून बघायचं काकांनी ठरवलं. ओवीने शाळेच्या कॅम्पमधलं होकायंत्र आणलं. काका सोफ्यावर पालथे झाले. "नथिंग, आबा," ओवी म्हणाली. "इट्स जस्ट पॉइंटिंग ॲट द किचन." स्वयंपाकघर उत्तरेलाच होतं. मग काकांना श्रीनाथजींची जाड अंगठी आठवली. त्यांनी मंजिरीकडून एक सेफ्टी पिन मागून घेतली.

दुपारी श्रीनाथजींनी त्यांना हौसेने पुढे बोलावलं. यामिनी टेबलाशेजारी, बूट काढून तयार होती.

"काका, सांगा लोकांना."

"सांगतो. आधी माझी सुई पुन्हा बघा, पण या पोरीच्या होकायंत्रावर." काका टेबलावर पालथे झाले. ओवीने होकायंत्र धरलं. सुई जागची हलली नाही.

"बालिकेच्या हाताला दीक्षा नाही," श्रीनाथजी म्हणाले आणि ते होकायंत्र त्यांनी आपल्या उजव्या हातात घेतलं. सुई गरकन फिरली. हॉलमध्ये कुजबुज झाली. काका कमरेवर हात ठेवून उठले, खिशातली पिन काढून त्या उजव्या हाताजवळ नेली. पिन बोटांतून निसटली आणि टक्कन अंगठीला चिकटली.

मागून कोणीतरी हसलं. मग बरेच हसले.

"हे ऊर्जेचं..." श्रीनाथजींनी सुरुवात केली.

"चुंबक आहे," काका म्हणाले. "आमच्या कारखान्यात असलीच असायची, लोखंडाचा चुरा उचलायला." ते लोकांकडे वळले. "मागच्या रविवारी इथे वाकून दाखवलं तो गाढव मीच. झोपून उठल्यावर येणारं माझं दुखणं दहापर्यंत जातं. हे रोग्यांना बोलावतात दुपारी अडीचला. या वेळी मी रोजच वाकू शकतो, पण सकाळी सात वाजता येऊन बघा असं मला कोणी म्हणालं नाही आणि मलाही सुचलं नाही. पुढचं घरी गेल्यावर झालं, ते मोडक्या पलंगावरून जमिनीवर झोपल्यामुळे. हसायचं तर मला हसा. पण यामिनी, तुझा पाय बधिर होतो. माझा कधी झाला नव्हता. माझ्यावरून तू तुझं ठरवू नकोस."

यामिनीने बूट घातले.

रद्द केलेल्या स्कॅनसाठी पुढची तारीख अडीच आठवड्यांनंतरची मिळाली. काकांनी आपल्या मोडक्या इंग्रजीत रोज सकाळी क्लिनिकला फोन केला, कोणी आपली वेळ रद्द केली का विचारायला. आठव्या दिवशी जागा निघाली. यामिनीची नस दाबली गेली होती. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. पण तोवर ती जिना चढताना दोनदा अडखळली होती. ते आठ दिवस आपल्यामुळे गेले, हे काकांनी स्वतःलाच सांगितलं. तिने कधी बोलून दाखवलं नाही.

फिजिओथेरपीला ती जायची तेव्हा काका सोबत जाऊन बाहेर बसत. एकदा शेजारी एक मराठी गृहस्थ कमरेला हात लावून बसले होते. त्यांनी काकांना ओळखलं.

"तुम्ही ते हॉलमधले ना? तुमची पाठ बरी झाली म्हणे. नक्की काय केलंत? मीही तेच करतो."

काकांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. त्यांनी ते गिळलं.

"माझी कशाने बरी झाली ते ऐकून तुमचा काही फायदा नाही," ते म्हणाले. "तुमची कशाने दुखते ते आत जाऊन विचारा. आणि जे सांगतील, ते का, हेही विचारा."