सुखतळ्याखालचा ‘सो’

जीवरामला दुसऱ्याचं बरं बघवत नाही, हे त्याची बायकोच चारचौघांत सांगायची. शेजारच्या भजीवाल्याकडे गर्दी झाली तरी ह्याचं पोट दुखायचं. पण ते वरवरचं दुखणं. खरी आग एकाच जागी होती. धुळे-जळगावात आपल्यासारखा जोडा शिवणारा दुसरा कोणी नाही, हे जगाने मान्य केलंच पाहिजे. आग्रा रोडमागच्या गल्लीत सहा फुटांचं दुकान, बाहेर पाटी नाही, आणि गुर्मी कलेक्टरची.

एका सोमवारी त्या दुकानात विक्रम आला. औषध कंपनीतला साहेब, घर जळगावला, नोकरी धुळ्याला. त्याने पिशवीतून तपकिरी बुटांचा जोड काढला.

“जीवरामभाऊ, जळगावच्या शोरूममधून घेतलेत. अठरा हजार. इटलीचे आहेत म्हणाले.”

“मंग आठे कसाले आना? इटलीले धाडा.”

विक्रम हसला. असोद्याला मित्राच्या लग्नाला गेला होता. केळीच्या बागेतून जवळच्या वाटेने मांडवाकडे निघाला आणि उजवा पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतला. मग ह्या शहाण्याने तो बूट वाळवायला मोटारसायकलच्या तापलेल्या सायलेन्सरवर ठेवला. तळवा पापडासारखा वळला आणि पुढून तोंड उघडलं.

“सायलेन्सरवर?” जीवरामने बूट उलटा केला. “भाकर बी भाजी लेवानी व्हती ना साहेब!”

“हसा तुम्ही. शोरूमवाले म्हणतात, पाण्याची गॅरंटी नाही. मित्र म्हणतात, इटली-बिटली काही नाही, गंडवलं तुला. तुम्ही उघडणारच आहात, तर आत बघून खरं काय ते सांगा. इथलाच माल निघाला ना, तर करणाऱ्याचं नाव-गाव शोधून द्या. मी थेट त्याच्याकडूनच घेईन. ऑफिसातले सहाजण मागे लागलेत.”

“शुक्रवारी या.”

विक्रम गेला. जीवरामने चामडं कापायची रापी घेतली आणि उजव्या बुटाचा तळवा सोडवायला बसला. परदेशी माल म्हणजे वरून पॉलिश आणि आत पुठ्ठा, असं तो लोकांना सांगायचा. पुठ्ठा सापडला की बायकोला, भिकुबाईला, हाक मारून दाखवायचा, असं त्याने ठरवूनही टाकलं होतं.

पुठ्ठा नव्हता. आत अस्सल चामडं, आणि तळव्याच्या कडेने दोन सुयांनी, हाताने घातलेले टाके. ज्वारीच्या कणसात दाणे बसावेत तसे. एक मोठा नाही, एक लहान नाही. आणि प्रत्येक टाका डावीकडे झुकलेला.

जीवरामचा हात थांबला. उजव्या हाताचा कारागीर टोचतो तेव्हा टाका उजवीकडे झुकतो. असा उलटा झुकणारा टाका त्याने आयुष्यात एकाच माणसाचा पाहिला होता. त्याने आतला सुखतळा, पाय टेकतो ती पातळ चामडी, उचकटला. खाली पेन्सिलीने एकच अक्षर होतं. ‘सो’.

सो म्हणजे सोनगीर. सोनगीरचा लोटन.

तीस वर्षांपूर्वी भिकुबाईच्या बापाच्या, नानांच्या कारखान्यात हे दोघं शेजारी बसून शिकले. नानांचा नियम होता, ज्याने जोडा शिवला त्याने सुखतळ्याखाली आपली खूण करायची. मानासाठी नव्हे. जोडा फाटून परत आला तर शिवी कोणाला द्यायची ते कळावं म्हणून. कारखान्यात लोटन दोन होते, म्हणून हा आपल्या गावाचं अक्षर काढायचा. डावरा होता. जीवराम त्याला चिडवायचा, “भाऊ, जेवाले तरी उजवा हात वापर, देव पळी जाई.” लोटन हसायचा आणि आणखी बारीक टाका घालायचा. नाना बघत राहायचे. नाना बघत राहिले की जीवरामच्या पोटात निखारा पडायचा.

मग एका वकिलाच्या लग्नाचा जोड जीवरामच्या हातून बिघडला. रापी खोल गेली होती, तो टिकणार नाही हे त्यालाच कळत होतं. त्याने सुखतळ्याखाली ‘सो’ लिहिलं आणि जोड देऊन टाकला. पाचव्या दिवशी तो फाटून परत आला. नानांची नजर तोवर अधू झाली होती. टाक्याचा कल दिसला नाही, अक्षर तेवढं दिसलं. लोटन म्हणाला, “नाना, हाऊ मना टाका नही.” कोण ऐकतंय! संध्याकाळी तो पिशवी घेऊन आग्र्याकडे निघाला. पुढे कोणीतरी म्हणालं की तिकडे हातगाडी ओढतो. ती बातमी जीवरामने तीस वर्षं लाडाने पोसली.

आणि आता हा जोडा. शिवला आग्र्यात, नाव इटलीचं, विकला जळगावात. अठरा हजारांचा बूट लोक उराशी धरतात, आणि तो शिवणाऱ्याला ओट्यावर चढू देत नाहीत. इटलीचं नाव चिकटवलं की चामडं पवित्र होतं. पण ह्याची चीड जीवरामला आली नाही. शोरूमने लोटनचं नाव गिळलं, ह्याचं दुःख तर मुळीच नाही. हातगाडीवाल्या लोटनचा हात अजून चालतो, आणि असा चालतो, एवढंच त्याला सहन होईना.

डाव्या बुटाला काहीच झालं नव्हतं. जीवरामने तो समोर खिळ्याला टांगला आणि मंगळवारी सकाळी उजवा लाकडी फरम्यावर चढवला. नवा तळवा, नवी पट्टी. बाकी गिऱ्हाइकांना परत पाठवलं. टाका घालायचा, मान वर करून डाव्याकडे बघायचं, पुन्हा टाका घालायचा. चहा गार झाला की शिवी चहावाल्याला. बुधवारी अर्धी झालेली शिवण त्याने स्वतःच उसवली, कारण दोन टाके केसभर लांब वाटले. प्रेमाने तो कधी असं शिवला नव्हता.

गुरुवारी दुपारी जोड तयार झाला. त्याने भिकुबाईपुढे ठेवला. रंग-पॉलिश तीच करायची. बापाच्या कारखान्यात वाढलेली बाई.

“देख. कोना चांगला शे?”

तिने दोन्ही बुटांच्या कडेवरून अंगठा फिरवला. डाव्यावर जरा थांबली. मग त्याचा सुखतळा उचलून बघितला.

“हाऊ तं लोटन शे.”

“ते माले म्हाईत शे. चांगला कोना शे ते सांग!”

“तुम्हना.”

जीवरामच्या छातीवरचा दगड हलला. तेवढ्यात ती म्हणाली, “पन तुम्ही त्याना देखीसन शिवा. त्यानी कोनाना देखा व्हता?”

तो उठून नळावर गेला आणि उगाचच हात धुवत राहिला.

शुक्रवारी विक्रम आला. बूट घालून गल्लीत चार फेऱ्या मारल्या, वाकून पाहिलं.

“कमाल आहे! कुठला दुरुस्त केला तेच कळत नाही.”

तीन दिवसांच्या मेहनतीला मिळालेलं हे बक्षीस. जीवराम दात आवळून म्हणाला, “उजवा.”

“ते माहीत आहे हो मला. मग? आत काय निघालं? इटली की आपल्याकडचंच?”

भिकुबाईच्या हातातला ब्रश थांबला. जीवरामने दोन शब्द बोलायचे होते, सोनगीरचा लोटन. ते जिभेपर्यंत आलेही. पण मग हा साहेब आग्र्याला माणूस पाठवणार. सहा जोड तिकडे जाणार, सहाचे साठ होणार. आणि उद्या हीच गल्ली म्हणणार, खान्देशात हात एकच, लोटनचा.

“इटलीनाच शे, साहेब. शंभर टक्के. चामडं तठलं, दोरा बी तठला.”

“मी म्हणतच होतो!” विक्रम खुलला. “आता त्या मित्राला दाखवतो. असं बारीक काम आपल्या लोकांना जमतंय का? सांगा तुम्हीच.”

त्याच्या उजव्या पायात जीवरामचे तीन दिवस होते. जीवराम त्या पायाकडे बघत म्हणाला, “नही जमनार.”

“मग सहाही जणांना शोरूमलाच पाठवतो,” म्हणत विक्रम मजुरी देऊन गेला.

भिकुबाईने ब्रश डबीत आपटला. “त्याले बुडाडं, सोताले बी बुडाडं. काय भेटनं?”

जीवरामने एक तुटकी चप्पल पुढे ओढली.

“तो तं बुडना ना!” तो म्हणाला.