शुक्रवारचे कुलूप

मी एक जुने कुलूप आहे. कसबा पेठेत तांबट आळीजवळ दादामियाँचे पुस्तकबांधणीचे दुकान आहे, त्याच्या दाराला लावतात ते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिले आहे. मोबाइलवर माझा फोटो फिरला होता आणि त्याखाली तुम्ही काय काय लिहिलेत तेही मला माहीत आहे. तेव्हा मित्रांनो, आता दोन मिनिटे माझेही ऐका.

आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. कुलपाचा स्वभाव दुसरा कसा असणार? गाईने दूध द्यावे आणि कुलपाने संशय घ्यावा. माझा जन्म अलीगढच्या एका कारखान्यातला. अडतीस वर्षांपूर्वी दादामियाँनी मला बोहरी आळीतून आणले. दुकानदार स्वस्तातली कुलपे पुढे करत होता. दादामियाँनी माझ्यात किल्ली घातली, तीनदा फिरवली आणि कान लावून आवाज ऐकला. माझ्या पोटात सात पट्ट्या आहेत. त्या एकामागोमाग एक बसल्याचा आवाज त्यांना पसंत पडला असावा. पुढे एकदा कुणीतरी माझी दांडी करवतीने कापू पाहत होता. त्याच्या करवतीचे दाते मोडले आणि मी तसाच. सकाळी अख्खी आळी मला बघायला जमली होती. तेव्हा दर महिन्याला मला शिवणयंत्राचे तेल मिळायचे. मग ते ईदेच्या ईदेला मिळू लागले आणि नंतर तेही राहून गेले. मी गंजलो, पण काम सोडले नाही.

दुकान उघडे असते तेव्हा मी आत खिळ्याला टांगलेला असतो आणि बंद असते तेव्हा बाहेर कोयंड्यात. त्यामुळे आतले बोलणे आणि बाहेरची माणसे, दोन्ही मला ठाऊक असतात.

शर्मिला पहिल्यांदा आली तेव्हा मी तिच्याकडे नीट बघून घेतले. तिशीतली मुलगी, बोटांना शाई, खांद्याला एक लांब नळकांडे. सदाशिव पेठेत खोली घेऊन राहायची आणि लहान मुलांचे चित्रकलेचे वर्ग घ्यायची. तिने नळकांड्यातून कागद काढून टेबलावर पसरला. टेबल संपले, कागद संपेना. धरणापासून संगमापर्यंतची मुठा नदी तिने काढली होती. काठावरची धुणी, म्हशी, पात्रात लावलेल्या गाड्या, पूल, आणि पुलावरून उगाच खाली बघत उभी राहिलेली माणसे. चार वर्षे ती हे चित्र काढत होती. त्याचे घड्यांचे पुस्तक करायचे, उलगडले की बावीस फूट भरेल असे, आणि मुलांनी जमिनीवर पसरून त्याच्या काठाकाठाने रांगत जायचे, असे तिच्या मनात होते. दादामियाँनी कागदाची कड दोन बोटांत धरून जाडी पाहिली. मग म्हणाले, हे यंत्रावर होणार नाही, हातानेच बांधावे लागेल. मला वाटले, झाले, ही पोरगी गोड बोलून म्हाताऱ्याकडून फुकट काम करून घेणार.

तसे झाले नाही. इंटरनेटवर एक सोय असते. आपण काय करणार ते सांगायचे, ज्यांना आवडेल ते आधीच पैसे भरतात, आणि वस्तू तयार झाली की त्यांना घरपोच पाठवायची. शर्मिलाने दुकानात एक छोटी फिल्म काढली. तीत दादामियाँचे हात होते, नदी होती, आणि मागच्या खिळ्यावर मीही होतो. चारशे बारा जणांनी पैसे भरले. दादामियाँची सून जरीना त्यांना रोज दुपारी मोबाइलवरचे अभिप्राय वाचून दाखवायची. आपल्या पुण्याला असे काही हवेच होते. अशी माणसे आहेत म्हणून कला टिकून आहे. दादामियाँना मी पहिल्यांदा लाजताना पाहिले. मला मात्र या लोकांचाही संशय आला. एवढ्या लवकर एवढे प्रेम करणारा माणूस रागावेलही तेवढ्याच लवकर, असे मला वाटले. पण कुलपाला कोण विचारतो?

आता चूक कुठे झाली ते सांगतो. बांधणीवाल्याची खळ म्हणजे मैदा शिजवून केलेली पेज. तिला कीड आणि बुरशी लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. मोरचूद विषारी. शर्मिला म्हणाली, पुस्तक मुलांचे आहे, मुले ते तोंडात घालणार, मोरचूद नको. अडतीस वर्षांत दादामियाँना असे कुणी सांगितले नव्हते. पण जरीनाची धाकटी अलिझा तेव्हा समोरच बसून पुठ्ठ्याचा तुकडा चघळत होती. दादामियाँनी तिच्याकडे पाहिले आणि मान डोलावली.

जुलैत सलग अकरा दिवस ऊन पडले नाही. बांधून झालेली पुस्तके भिंतीशी रचून ठेवली होती. एका सकाळी दादामियाँनी वरचे पुस्तक उघडले आणि नदीच्या प्रत्येक घडीवर हिरवट काळी बुरशी दिसली. मग दुसरे पाहिले, मग विसावे. छापलेला सगळा कागद त्यातच संपला होता आणि नवा छापायला पैसे उरले नव्हते. शर्मिला भिंतीला टेकून खाली बसली. लोकांना लगेच कळवूया, असे ती म्हणाली. तेव्हा दादामियाँनी तिला अडवले.

"बिघडलेलं काम गिऱ्हाईकाला दाखवायचं नसतं, बेटा. दुसरं करायचं, आणि तेच दाखवायचं."

या धंद्याचा हा जुना कायदा आहे. दुकानात येणाऱ्या दहा गिऱ्हाइकांसाठी तो ठीक होता. चारशे बारा न पाहिलेल्या माणसांपुढे तो कसा चालणार? पण शर्मिला त्यांना वडिलांच्या जागी मानायची. ती गप्प राहिली. कुठून कागद मिळतो का ते शोधत दोघांनी चार महिने काढले.

तुम्ही विचारायला लागलात यात तुमचे काही चुकले नाही. संशय हा माझा पेशा आहे, मी त्याला नावे ठेवणार नाही. सुरुवातीला अभिप्राय बरे होते. अहो, काही कळेल का? मग ते बदलले. आमची नदी वाटेत आटली का? कुणीतरी शर्मिलाचा महाबळेश्वरचा एक फोटो शोधून काढला आणि आमच्या पैशांवर स्ट्रॉबेरी खाणे चालू आहे असे लिहिले. तो फोटो तीन वर्षांपूर्वीचा होता. मग लोकांनी नावे वाचली, तिचे आणि दादामियाँचे, आणि वेगळेच काहीतरी लिहायला घेतले. ते जरीनाने वाचून दाखवले नाही. तिने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि पुठ्ठे कापायला बसली.

इथे दादामियाँची एक सवय सांगायला हवी. शुक्रवारी दुपारी ते नमाजाला जातात तेव्हा मला दाराला अडकवतात, पण किल्ली फिरवत नाहीत. दांडी नुसती दाबलेली असते. लांबून बघणाऱ्याला कुलूप लागलेले दिसते, पण ओढले की उघडते. कुणी गिऱ्हाईक लांबून आले तर त्याने उन्हात का उभे राहायचे, आत बसावे, असे त्यांचे म्हणणे. आळीत हे सगळ्यांना माहीत आहे. मला ही सवय कधीच पटली नाही. आपण नुसते शोभेला लटकतो आहोत, असे वाटायचे.

अशाच एका शुक्रवारी कोथरूडहून विश्वजीत नावाचा एक तरुण आला. त्यानेही पैसे भरले होते. त्याने स्कूटर बंदसुद्धा केली नाही. शेजारी तांबटाचे ठोके चालू होते, त्याला विचारले नाही. मला हात लावला नाही. फोटो काढला आणि गेला. फोटोखाली त्याने लिहिले, 'मंडळी, हा घ्या पुरावा. भर दुपारी कुलूप. गाशा गुंडाळलेला आहे.'

संध्याकाळपर्यंत तो फोटो चार हजार लोकांनी पुढे पाठवला. त्यातल्या बहुतेकांनी पुस्तकासाठी एक रुपयाही भरलेला नव्हता. एकाने तर माझा गंज मोठा करून पाहिला आणि दुकान किमान सहा महिने बंद असणार असा निष्कर्ष काढला. मित्रांनो, हे मला फार लागले. गंज तेलाअभावी चढतो हो, पळून गेल्याने नाही. पण मी पुरावा झालो होतो, आणि पुराव्याला बोलता येत नाही. त्याच दुपारी कुणीतरी शर्मिलाच्या आईचा, चंद्रभागाबाईंचा फोन नंबर शोधून सगळ्यांना दिला. त्या मनपाच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांना अनोळखी माणसांनी चोराची आई म्हटले. शर्मिलाच्या वर्गातून चौदा मुले काढून घेतली गेली. पुस्तक तर गेलेच होते, आता तिचे नाव जायची वेळ आली होती.

पुढच्या शुक्रवारी एक बाई आल्या. पायांत चपला नीट, हातात कापडी पिशवी, डोळ्यांत माझ्याइतकाच संशय. यांचे नाव वासंतीबाई. 'शर्मिलाबाई, माणसाने थोडी तरी लाज बाळगावी' हे यांनीच लिहिले होते. आता या आणखी एक फोटो काढणार, असे मी धरून चाललो. पण त्यांनी मला हातात धरले, वजन पाहिले आणि ओढले. मी उघडलो. त्या आत गेल्या.

दादामियाँ नमाजाहून आले तेव्हा वासंतीबाई स्टुलावर बसून बुरशीचे एक पुस्तक मांडीवर उलगडत होत्या.

"सगळी अशीच आहेत?" त्यांनी विचारले.

"सगळी."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत."

"लाज वाटली," दादामियाँ म्हणाले.

वासंतीबाईंनी घडी मिटली. "अहो, कुलूप उघडं ठेवता आणि तोंड बंद ठेवता. उलटं करायचं होतं."

त्या रागावलेल्या होत्या, पण जाताना त्यांनी ते बुरशीचे पुस्तक मागून नेले. दादामियाँनी त्याच संध्याकाळी शर्मिलाला बोलावून घेतले आणि सांगितले की माझे चुकले, तू सगळे लिही. तिने लिहिले. मोरचूद, पाऊस, चार महिन्यांचे मौन, काहीच लपवले नाही. सगळ्यांचे पैसे थोडे थोडे करून परत देईन असेही लिहिले. बुरशीचे फोटो लावले.

मला वाटले, आता मिटले. माझ्यासारख्या संशयी कुलपाला असे वाटावे, हेच चुकले. फोटो दुसरीकडून उचललेले आहेत, असे लोकांनी लिहिले. मोरचूद म्हणे, काय काय शोधून काढतात! आता रडगाणे सुरू. वासंतीबाईंनी लिहिले की मी स्वतः जाऊन पाहिले आहे, तर त्यांना कुणीतरी विचारले, तुम्हाला किती मिळाले? काही चांगलेही होते. एका गृहस्थांनी पैसे नकोत म्हणून कळवले. पण माझा फोटो चार हजारांनी पुढे पाठवला होता, आणि तिचे पत्र एकसष्ट जणांनी.

त्या पत्राने एक मात्र झाले, आळीत बघे यायला लागले. शुक्रवारी कुलूप ओढले की उघडते, हे वासंतीबाईंच्या लिहिण्यातून सगळ्यांना कळले होते. दादामियाँ नमाजाला गेलेले असताना दोघे जण आत शिरले, हसत हसत व्हिडिओ काढला, आणि एका पुस्तकातून संगमाची घडी फाडून पुरावा म्हणून घेऊन गेले. परत आल्यावर दादामियाँनी ती फाटलेली कड बोटाने चाचपून पाहिली. अलिझाने आजोबांना काय झाले म्हणून विचारले, तेव्हा जरीनाने तिला उचलून घरी नेले.

त्यापुढच्या शुक्रवारी त्यांनी मला दाराला अडकवले, खिशातून किल्ली काढली आणि फिरवली. सातही पट्ट्या बसल्या. अडतीस वर्षांत शुक्रवारी दुपारी पहिल्यांदाच. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

अर्ध्या तासाने शर्मिला आली. फोनवरच्या शिव्यांना कंटाळून तिने नंबर बंद केला होता, म्हणून न कळवताच आली होती. तिला ही सवय माहीत होती. तिने माझ्याकडे न बघताच हात पुढे केला आणि ओढले. मी उघडलो नाही. तिने पुन्हा ओढले. मग तिने मला वर करून पाहिले, किल्ली फिरवलेली आहे हे तिला कळले, आणि तिचा चेहरा असा झाला की तो मला अजून दिसतो.

"दादांनीसुद्धा," एवढेच ती म्हणाली.

नाही ग पोरी, असे ओरडून सांगावेसे वाटले. पहिल्या दिवशी जिच्यावर मी संशय घेतला, तिच्याच हाताला मी बंद निघालो. तांबटाने मान वर केली तोवर ती वळणावर पोचली होती. दादामियाँना त्याने सांगितले तेव्हा ते तसेच सदाशिव पेठेत गेले. खोली सोडल्याला दोन दिवस झाले होते. चंद्रभागाबाईंचाही फोन बंद, आणि त्यांचा पत्ता दादामियाँना ठाऊक नाही. त्याला आता पाच महिने झाले. तिची नदी, बुरशीसकट, अजून भिंतीशी रचलेली आहे. दादामियाँ ती कुणाला टाकू देत नाहीत.

मित्रांनो, विचारा, जरूर विचारा. पण दार बंद दिसले तर एकदा ओढून बघा, शेजारी हाक मारा, थोडे थांबा. कुलपाची काळजी घ्या म्हणून मी सांगणार नाही, माझे काय, मी लोखंडाचा आहे. माझे एकच काम करा. तुम्ही एका दुपारीत तिच्या आईचा नंबर शोधून काढला होतात, तीन वर्षांपूर्वीचा फोटो शोधला होतात. तेवढ्याच चिकाटीने आता शर्मिलाला शोधा. आणि भेटली तर तिला सांगा की त्या शुक्रवारी दादामियाँनी किल्ली तिच्यासाठी फिरवली नव्हती. ती तुमच्यासाठी फिरवली होती.