चिठ्ठीत आलेली बाजू

झाशीच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी वादविवाद होतो आणि त्याचा नियम एकच: चिठ्ठीत येईल ती बाजू मांडायची. आपल्या मताची बाजू मागून घेण्याची सोय पूर्वी होती. पण एका वर्षी दोन सख्खे भाऊ आपापल्या खऱ्या मतांवरून इतके भांडले, की विसर्जनापर्यंत त्यांनी आरत्याही वेगवेगळ्या केल्या. तेव्हापासून चिठ्ठी.

सिंधू पुराणिकने आपली चिठ्ठी उघडली आणि पुन्हा एकदा वाचली. विषय होता, टांगेवाल्या गल्लीत मोटारी बंद कराव्यात का? तिच्या चिठ्ठीत होतं ‘विरुद्ध’.

त्या गल्लीत मोटारी बंद व्हाव्यात म्हणून गेले दोन महिने तीच शहरभर वणवण फिरत होती.

गल्ली तशी मोठी नव्हतीच. टांगे होते तेव्हा समोरासमोर आलेले दोन टांगे अंग चोरून निघून जात. आता दोन मोटारी नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या, की दोघांपैकी एकाचा अहंकार उतरेपर्यंत सगळा बाजार थांबे. गल्लीच्या टोकाला मुलींची शाळा, आणि सिंधू तिथे गणित शिकवायची. जुलैत रिव्हर्स येणाऱ्या एका मोटारीने तिच्या बारावीच्या वर्गातली शारदा अहिरवार सायकलसकट भिंतीवर दाबली. पाय मोडला. टहरौली गावाहून तिचे वडील आले, मामाकडे राहून शिकणाऱ्या पोरीला उचलून घेऊन गेले. जाताना सिंधूला एवढंच म्हणाले, “जा गली में मोड़ी खों नईं भेजने, बैनजी. गाड़ी बंद हुइएं, तब देखहैं.”

मोडी म्हणजे त्यांच्या बुंदेलीत मुलगी; गाड्या बंद होईपर्यंत तिला या गल्लीत पाठवायचं नाही, असं ते सांगत होते. वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करणारी ती मोडी आता शेतावर राखणीला बसत होती. पाठोपाठ आणखी काही घरांनी मुलींच्या सायकली काढून घेतल्या.

सिंधूच्या खेटे घालण्याला नगर निगमाने, म्हणजे तिथल्या महापालिकेने, अखेर अर्धी दाद दिली. दुकानं उघडी असताना गल्ली मोटारींना बंद, एक महिन्याचा प्रयोग, पण व्यापाऱ्यांची संमती असेल तरच. सोमवारी निगमाच्या साहेबांसमोर बैठक. व्यापाऱ्यांचे अध्यक्ष विद्याधर खानवलकर, भांड्यांचे व्यापारी. सिंधूच्या वडिलांचे मित्र, म्हणून ती त्यांना काका म्हणायची. तिने दुकानात जाऊन विनवलं होतं.

“काका, एक महिना करून तर बघा.”

“एक महिना विष खाऊन बघा म्हणतेस?” काका कुकरचं झाकण पुसत म्हणाले. “गाडीवाला गिऱ्हाईक गेला की गेला. माल कुठून येणार? म्हातारी माणसं कशी येणार? तू पोरींना भूमिती शिकव बेटा, बाजार हमपे छोड दे.”

हेच काका मंडळाच्या वादविवादाचे वर्षानुवर्षांचे विजेते. बक्षिसाची ढाल त्यांच्या दुकानात, तांब्याच्या घागरींच्या वर. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात. काका तर पितळ विकत होते. त्यांनी आपली चिठ्ठी उघडली, त्यात ‘बाजूने’ पाहिलं आणि सभामंडप दणाणेल असे हसले.

“म्हणजे मी तुझं बोलणार आणि तू माझं! वा रे गणपतीबाप्पा!”

आणि मग त्यांनी जे केलं, ते त्यांच्यासारखा हौशी माणूसच करू शकतो. त्यांनी सगळ्या बाजाराला आमंत्रण दिलं. जुगलकिशोर हलवाई, कपड्याचे जैन, चपलांचे सरदारजी, सगळे. “आइए, देखिए, उल्टी बाजू लेके भी कैसे जीतते हैं.”

घरी सिंधूचा नवरा श्रीकृष्ण म्हणाला, “सोपं आहे. तू ढिलं बोल. काका जिंकतील, म्हणजे तुझंच म्हणणं जिंकेल.”

“आणि सोमवारी म्हणतील, ती स्पर्धा होती, समोर कुणी होतंच कुठे? त्यांच्या शंका तशाच्या तशा राहतील.”

“मग जोरात बोल.”

“आणि सगळा बाजार बसलेला असताना मीच माझी बाजू पाडू?”

सिंधूने भाजी चिरता चिरता हात थांबवला. काकांच्या शंकांना तिने दिलेलं उत्तर बाजार ऐकत नव्हता, आणि साहेबांनी दिलेलं तर मुळीच नाही. बाजार एकाच माणसाचं ऐकत होता. त्या माणसाला ढाल प्यारी होती.

शनिवारी आरती झाल्यावर वादविवाद सुरू झाला. परीक्षक निवृत्त प्राध्यापक दत्तात्रेय लघाटे. मराठी मंडळाचा कार्यक्रम, पण पाहुणे हिंदी, त्यामुळे दोन्ही भाषा चालतील असं त्यांनी जाहीर केलं. मंडळातल्या तरुण पोरांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

सिंधू उभी राहिली आणि तिने काहीही राखून ठेवलं नाही. काकांचे सगळे मुद्दे, काकांच्याच धारेने. “माल कैसे आएगा? सिर पे ढोके लाएंगे क्या खानवलकरजी?” व्यापारी हसले. “ज्या आजींचे गुडघे दुखतात त्यांना काय पाठीवर घेऊन येणार? गाड्या गल्लीबाहेर ठेवायच्या, तर बाहेर कुठे? हवेत?” टाळ्या पडू लागल्या. जैनांनी मान डोलावली. श्रीकृष्णाने कपाळावर हात मारला. मग सिंधूने शेवटचा वार केला. काकांनी दुकानात जो मुद्दा अर्धाच सांगितला होता, पण पुरता त्यांच्या मनात बसला होता हे तिला ठाऊक होतं, तो.

“और असली बात. ग्राहक मॉल चला जाएगा. वहाँ गाडी लग जाती है. एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नसतं.”

ही भीती सगळ्यांचीच होती.

विद्याधरकाका उठले. ढाल हातातून निसटताना दिसत होती. समोरची पोर त्यांच्याच तलवारीने त्यांना कापत होती.

“माल,” ते म्हणाले, “माझा माल सकाळीच येतो. सगळ्यांचा येतो. दस के पहले गाडी आए, उतारे, जाए. दिन में आती है तो इसलिए, कि रोकनेवाला कोई नहीं. गुडघे म्हणशील, तर आजीबाई आज मोटारीतून उतरून दुकानापर्यंत चालतातच, कारण मोटार अडकलेली असते! ई-रिक्षा चलने दो, सीधी दुकान के सामने उतरेगी. आणि गाड्या ठेवायला टांग्यांचा जुना अड्डा रिकामा पडलाय. तिथे आज बकऱ्या बसतात.”

आता त्यांना रंग चढला. आवाज नेहमीच्या पट्टीत आला.

“और मॉल! मॉल की बात की है मास्टरनीजी ने. मला सांगा, मॉलमध्ये मोटार दुकानापर्यंत जाते का? तळघरात गाडी ठेवायची, वर यायचं आणि मग बायको नेईल तिकडे चालायचं! घंटाभर! कोणी तक्रार करतो? जुगलभैया, आप पिछले इतवार गए थे, कितना चले?”

“पैर सूज गए थे,” जुगलकिशोर बसल्या जागेवरून ओरडला.

“मग! मॉल काय विकतो? बिना मोटारीची गल्लीच विकतो! आमच्याकडे ती पूर्वजांनी फुकट देऊन ठेवली आहे, आणि आम्ही तिच्यात मोटारी कोंबून बसलोय!”

मंडप उठून उभा राहिला. सरदारजींनी शिट्टी मारली. लघाटे सरांनी ढाल काकांच्या हाती दिली आणि काकांनी ती डोक्यावर धरून मिरवली. हरलेल्या सिंधूने सगळ्यांच्या मागे उभं राहून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

सोमवारच्या बैठकीला काका इस्त्रीच्या सदऱ्यात आले. साहेबांनी प्रस्ताव वाचला. काका उठले.

“हम सब व्यापारी इसका विरोध...”

“एक मिनट,” मागून जुगलकिशोर म्हणाला. “कौन-से खानवलकरजी बोल रहे हैं? शनिवार वाले या सोमवार वाले?”

हशा पिकला. काका लाल झाले. “अरे, वह प्रतियोगिता थी!”

“तो बप्पा के सामने झूठ बोले थे?” सरदारजींनी विचारलं.

“झूठ काहे का! एक-एक बात सही थी!” काका गरजले, आणि आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला. साहेब गोंधळून दोन्हीकडे बघत होते.

हीच वेळ होती. सिंधू उठली. तिला त्यांना हरवायचं नव्हतं. तिला शारदा परत हवी होती.

“साहब, आप गलत समझ रहे हैं. यह प्रस्ताव खानवलकरजी का है. माल दस के पहले, ई-रिक्शा चालू, गाडी टांगा अड्डे पे. मैं तो इसके खिलाफ बोली थी. सबने सुना है.”

“सुना है!” सगळे व्यापारी एका सुरात ओरडले.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मिशा हलल्या.

“बापावर गेलीस,” ते मराठीत पुटपुटले, आणि साहेबांकडे वळून म्हणाले, “लिखिए. पर शर्तें मेरी रहेंगी, एक अक्षर कम नहीं.”

पितृपक्ष आटोपला आणि नवरात्राच्या पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी निगमाचे लोखंडी अडसर लागले. सुरुवातीला सगळे धास्तावलेले. चौथ्या-पाचव्या दिवसापासून बायका घोळक्याने येऊ लागल्या, गल्लीच्या मधोमध उभं राहून गप्पा मारू लागल्या, आणि उभं राहिलेलं माणूस काही ना काही घेतंच. करवा चौथ जवळ आली, तेव्हा जैनांना साड्या दाखवायला आणखी एक माणूस ठेवावा लागला.

दिवाळीच्या सुट्टीआधीच टहरौलीच्या बसच्या टपावरून एक सायकल उतरली. शारदाचे वडील गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालून आले, मग पुन्हा चालून आले. “ठीक है, बैनजी,” ते म्हणाले. शारदा किंचित लंगडत वर्गात शिरली. सिंधूने फळ्यावर गणित घातलं, आणि सगळ्यांच्या आधी एक हात वर गेला.

महिना संपला, दिवाळीची सुट्टीही संपली. प्रयोग चालू ठेवावा, असा व्यापाऱ्यांचा अर्ज निगमात पोचला होता, पण साहेबांच्या टेबलावरून तो खाली उतरायचा होता. त्यामुळे ठरल्याप्रमाणे अडसर काढून न्यायला भर दुपारी निगमाचा ट्रक आला. आणि गल्लीच्या तोंडाशीच थांबला, कारण समोर विद्याधर खानवलकर हात आडवे पसरून उभे होते. त्यांच्यामागे जुगलकिशोर, जैन, सरदारजी आणि शाळेची मधली सुट्टी झालेल्या सगळ्या मुली.

“बाबूजी, हटिए,” ड्रायव्हर म्हणाला. “हम तो यही उठाने आए हैं.”

“पहिये कितने हैं?” काकांनी विचारलं.

“चार... छह.”

“तो दस बजे के बाद अंदर नहीं आ सकते भैया. नियम है.”

ड्रायव्हरने एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा अडसराकडे, आणि ट्रक मागे घेतला.