खाबुऱ्याच्या खिडकीतला एसी

मित्रांनो, खिडकीत बसवायचा एसी आता तुम्हाला सहसा दिसणार नाही. मी तसलाच एक आहे. जुना, गंजलेला, समोरची जाळी वितळून वाकडी झालेला. ओमानमधल्या खाबुरा गावाबाहेर एका दुरुस्तीवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी तीन वर्षांपासून पडून आहे. माझी मोटर कधीच काढून नेली. कोणी गिऱ्हाईक आले की माझ्या वितळलेल्या तोंडाकडे बघून विचारते, याला काय झाले? दुरुस्तीवाला म्हणतो, जळला. एवढ्या एका शब्दात तो माझे आयुष्य संपवतो. पण गोष्ट एवढीशी नाही, म्हणून आज मीच ती सांगतो.

कारखान्यातून जहाजात आणि जहाजातून ट्रकमध्ये, असा प्रवास करत मी इब्रीच्या बाजारात आलो. तिथल्या एका गृहस्थांनी समुद्राकाठी, खाबुऱ्याला, सुट्टीत भाड्याने देण्यासाठी घर बांधले होते. त्यांनी मला विकत घेतले आणि पिकअपमध्ये टाकून इथवर आणले. घरी काम करणारे त्यांना अर्बाब म्हणत, म्हणजे मालक. त्यांनी मला मागच्या खोलीच्या खिडकीत बसवले. माझे तोंड खोलीत आणि पाठ मागच्या अंगणात. त्यामुळे घरातले बोलणे मला ऐकू येई आणि अंगणातले पाऊलही.

ते दिवस माझ्या मानाचे होते. मस्कतहून, सोहारहून पाहुणे येत. गाडीतून उतरलेली माणसे घामाने निथळत थेट माझ्यासमोर येऊन हात पसरून उभी राहत. मुले माझ्या जाळीला तोंड लावून 'आऽऽ' करत आणि स्वतःचा थरथरता आवाज ऐकून हसत. पण समुद्राची हवा खारट असते. दोन-चार वर्षांत माझा पत्रा पोखरला गेला. बैठकीच्या खोलीत भिंतीवरचा नवा एसी आला आणि माझे कौतुक संपले. माझा प्लग सॉकेटमध्ये सैल बसू लागला, तापू लागला.

हे फक्त एका माणसाच्या लक्षात आले. त्याचे नाव मजीद. तो घराची राखण करायचा, साफसफाई करायचा, पाहुण्यांना किल्ली द्यायचा. कोकणातल्या हर्णैचा, पन्नाशीचा, ओमानमध्ये वीस वर्षे काढलेला. गेटजवळच्या खोलीत एकटा राहायचा. तोच माझी जाळी काढून नळाखाली धुवायचा. प्लगची गोष्ट त्याने अर्बाबच्या कानावर दोनदा घातली. दोन्ही वेळा उत्तर एकच मिळाले, ईदनंतर बघू, इन्शाल्ला.

आणि ईदच्याच सुट्टीत, २०१५ सालच्या सप्टेंबरात, देवानंद आणि सरिता राहायला आले. सोबत त्यांची सहा वर्षांची यशोधरा. देवानंद मस्कतमधल्या एका ऑफिसात इंजिनिअर होते, घर जवळच्याच अल खौद भागात. दोघेही मूळचे नांदेडकडचे. परमुलखात भारतीय माणसे एकमेकांशी आधी हिंदीतच बोलतात. मजीद हिंदीत बोलला, त्यांनीही हिंदीतच उत्तरे दिली.

मजीद बॅगा घेऊन मागच्या खोलीत आला आणि पलंगाशेजारच्या सॉकेटकडे वाकून बघू लागला. तेव्हा सरिता नवऱ्याला मराठीत म्हणाली, "याची नजर मला बरोबर वाटत नाही. कुठे काय ठेवतोय ते बघतोय बघ."

बॅग ठेवणारा मजीदचा हात तिथेच थांबला. मराठी ऐकून क्षणभर त्याचा चेहरा असा उजळला होता, जणू आता विचारणार, तुम्ही कुठले? मग वाक्याचा अर्थ त्याच्यापर्यंत पोचला. तो बॅग भिंतीला टेकवून खाली मान घालून निघून गेला.

तिथून सगळे सुरू झाले.

मजीद दिवसातून तीन वेळा मागच्या अंगणात यायचा आणि माझ्या पाठीवर तळहात ठेवून मी किती तापलो आहे ते बघायचा. माझ्या बाजूच्या फटीतून सरिताला फक्त सावली दिसायची. ती नवऱ्याला हाक मारायची, देवानंद बाहेर येईपर्यंत मजीद गेलेला असायचा. मातीत त्याच्या चपलांचे ठसे उरायचे. ठसे नेहमी खिडकीखालीच असतात, हे देवानंदनी बोट दाखवून सांगितले. खोलीत मधूनमधून करपल्यासारखा वास येई. तो माझ्या प्लगचा होता. देवानंद म्हणाले, "खिडकीखाली उभा राहून बिडी ओढत असणार." मजीदने आयुष्यात कधी बिडी ओढली नव्हती.

देवानंदचा गॉगल सापडेना, तेव्हा तर त्यांची खात्रीच झाली. दोन तासांनी तो गाडीत, सीटखाली सापडला. गॉगल सापडला, पण संशय काही गेला नाही. सरिता म्हणाली, "आज नाही घेतला, म्हणून उद्या घेणार नाही असं थोडंच आहे?"

खरे सांगतो, संशय एकाच बाजूला नव्हता. मजीदलाही वाटू लागले की या लोकांना एसीचा दोष कळला आहे आणि ते अर्बाबकडे आपली तक्रार करणार. एकदा तो खरोखरच खिडकीखाली कान देऊन उभा राहिला. त्या वेळी आत त्याच्यावर चोर हा शिक्का बसत होता. तो ऐकत राहिला आणि मग हलक्या पावलांनी परत गेला. सरिताने तेवढीच हलकी पावले ऐकली.

ईदच्या दिवशी दुपारी मजीदने ताटलीवर रुमाल झाकून काहीतरी आणून दिले. ते सांदण होते. तांदळाचे, नारळाचा रस घालून वाफवलेले, कोकणात सणाला करतात तसे. पहाटे उठून त्याने ते स्वतःच्या हाताने केले होते. सरिताने हे कधी पाहिले नव्हते. तिने हसून ताटली घेतली, दार लावले आणि म्हणाली, "कुणी सांगावं काय घातलंय यात. यशूला देऊ नका." संध्याकाळी तिने ते मागच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले, वरून वर्तमानपत्र दाबले.

मित्रांनो, तो डबा दुसऱ्या दिवशी सकाळी मजीदनेच रिकामा केला. वर्तमानपत्र उचलून त्याने खाली पाहिले. मग पिशवीला गाठ मारली आणि ती गेटबाहेर ठेवून आला. त्या सकाळी तो माझ्याकडे आला, पण नेहमीपेक्षा जास्त वेळ नुसताच उभा राहिला.

देवानंदनी त्याला तिथेच पकडले. ते रागावलेले होते, पण आवाज चढवला नाही. हिंदीत त्यांनी स्पष्ट सांगितले की यापुढे घराच्या मागे यायचे नाही, नाहीतर अर्बाबला फोन जाईल. मजीद म्हणाला, "साब, वो एसी..."

"एसी ठीक है," देवानंद म्हणाले. "आप इधर मत आना."

मजीदने पुढे बोलायला हवे होते. देवानंदनी पुढे विचारायला हवे होते. तो "ठीक है साब" म्हणाला आणि गेला. त्याला भीती होती की एसी बिघडलेला आहे म्हटले तर ही माणसे घर सोडून जातील आणि सगळे आपल्यावर शेकेल.

त्याच दिवशी सरिताने कपाटातली जाड चादर काढली आणि खिडकीवर बांधली, म्हणजे बाहेरून कुणाला आतले काही दिसू नये. चादर मोठी होती. तिने माझे अर्धे तोंड झाकले आणि तिचे खालचे टोक सॉकेटवर जाऊन पडले. माझा श्वास कोंडला. मी घरघरू लागलो, थांबू लागलो, धक्का देत पुन्हा सुरू होऊ लागलो. प्लग आधीपेक्षा जास्त तापला, आणि आता तो कुणाला दिसतही नव्हता.

शनिवारी दुपारी देवानंद गाडीत पेट्रोल भरायला आणि यशूसाठी वाळूत खेळायची बादली आणायला बाजारात गेले. जाताना बाहेरच्या दाराला आतून कडी लावून घ्यायला सांगून गेले. सरिता आणि यशू माझ्या खोलीत झोपल्या. तीन वाजायच्या सुमारास सॉकेटमध्ये ठिणगी उडाली. चादरीच्या टोकाला आधी तपकिरी डाग पडला, मग भोक पडले, मग ज्योत वर सरकली.

मजीद गेटजवळ, त्याला मोकळीक होती तिथेच बसला होता. माझी घरघर तिथपर्यंत ऐकू यायची. ती एकदम थांबली, आणि पाठोपाठ वास आला. तो उठला. दोन पावले टाकून थबकला, कारण त्याला मनाई होती. मग मात्र तो धावतच मागे आला. आधी त्याने मीटरच्या पेटीतला मेन स्विच खाली ओढला आणि मग दोन्ही हातांनी माझा पत्रा बडवू लागला.

"मॅडम, दरवाजा खोलो! जल्दी!"

सरिता दचकून जागी झाली. खोलीत अंधार होता, धूर होता आणि खिडकीवर तोच माणूस धडका मारत होता. तिने यशूला पोटाशी धरले आणि फोन लावला. "अहो, तो घरात घुसतोय," ती कुजबुजली. "खिडकी फोडतोय." दार उघडायला ती हलली नाही. चादरीचे खालचे टोक जळत होते, पण तिचे डोळे होते वर, खिडकीतल्या सावलीवर.

मित्रांनो, मी यंत्र आहे. तरीही त्या क्षणी मला वाटले की आता हे दोन जीव माझ्यामुळे जाणार.

तेव्हा मजीदच्या तोंडून त्याची स्वतःची भाषा बाहेर पडली.

"वयनी! पोरीला उचला नि भायेर या! चादर पेटलीय, वयनी, आधी भायेर या!"

सरिताने नजर खाली वळवली. तिला पहिल्यांदा आग दिसली. यशूला उचलून ती धावली, बाहेरच्या दाराची कडी काढली. वळसा घालून आलेला मजीद तिच्या बाजूने आत शिरला. जळती चादर त्याने हातांनीच ओढून खाली पाडली, पायाने तुडवली, बाहेरून बादलीभर वाळू आणून माझ्या तोंडावर फेकली. माझी जाळी वितळली, पण आग पुढे गेली नाही.

फोनवरचे ऐकून देवानंद अर्ध्या वाटेतून परत आले. दारात धूर, सरिताच्या कडेवर रडणारी यशू आणि समोर धुराने तोंड काळे झालेला मजीद. क्षणभर त्यांनाही चुकीचेच वाटले. मग त्यांना मजीदचे भाजलेले तळहात दिसले.

सरिता त्याच्याकडे बघत होती. चार दिवस त्याच्याविषयी 'हा' आणि 'तो' म्हणणारी सरिता म्हणाली, "तुम्ही मराठी आहात?"

"हर्णैचा."

"म्हणजे आम्ही बोलत होतो ते..."

"कळत होतं सगळं."

"मग बोलला का नाहीत हो?"

मजीद म्हणाला, "पहिल्या दिवशीच बोलायला पायजे होतं. दुसऱ्या दिवशी बोललो असतो तर तुमालाच लाज वाटली असती." मग तो देवानंदकडे वळला. "साहेब, चूक माझीपण हाय. प्लग तापतो ते मला ठाऊक होतं. भ्यालो म्हणून सांगितलं नाय."

 "मी इंजिनिअर आहे आणि मला जळक्या वायरचा वास ओळखता आला नाही," एवढेच देवानंद हळू आवाजात म्हणाले. त्यांनी मजीदला गाडीत बसवून हेल्थ सेंटरला नेले. सरिता पायरीवर यशूला घेऊन बसली. तिथून दिसणाऱ्या कचऱ्याच्या डब्याकडे तिची नजर पुन्हा पुन्हा जात होती.

दुसऱ्या दिवशी अर्बाब आले. मजीदने आपली चूक त्यांनाही सांगितली. त्यांनी जळलेले सॉकेट पाहिले, दोनदा मिळालेली सूचना त्यांना आठवली आणि त्यांची मान खाली गेली. त्यांनी घरातली सगळी वायर बदलून घेतली, मजीदला कामावर ठेवले. त्याच्या तळहातांच्या जखमा भरून आल्या, पण मुठी पुरत्या मिटत नाहीत. मला खिडकीतून काढून इथे आणून टाकले. त्यात काही चूक झाली असे मला वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी यंत्रे वर्षातून एकदा तरी तपासून घ्या. सैल प्लग, करपट वास, वेगळा आवाज यांना सणानंतरची तारीख देऊ नका. त्या चार दिवसांत त्या घरातले सगळे एकमेकांवर नजर ठेवून होते. जिच्यावर ठेवायला हवी होती, ती वस्तू मी होतो. मी सांगायचा प्रयत्न केला, वासाने, घरघरीने, जसे जमेल तसे. मला बोलता येत नव्हते. त्यांना येत होते.