सप्तर्षींच्या शेपटीखाली

संध्याकाळचा शेवटचा खेळ सुरू झाला की तारांगणात झाडलोट करणाऱ्या मावशी दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसायच्या. घुमटावर तारे उमटले की सप्तर्षींच्या शेपटीखालची एक बारीक चांदणी शोधायच्या आणि मांडीवरच हात जोडायच्या. लेक गेल्यावर त्या कितीतरी दिवस कुणाशी बोलल्या नव्हत्या. कामावर परतल्या त्या दिवशी ही चांदणी पहिल्यांदा दिसली. इतकी वर्षं त्या हेच आकाश बघत आल्या होत्या, आणि तिथे आधी काही नव्हतं, याची त्यांना खात्री होती. ते खरंही होतं.

घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. त्या चप्पल काढायच्या आत तो विचारायचा, "दिसली का गं?"

"दिसली."

मगच तो जेवायचा. तारांगणाला सुट्टी असली की ताट तसंच राहायचं.

नवी निवेदिका रुजू झाली तेव्हा तिने घुमटावरचं आकाश नकाशाशी ताडून पाहिलं आणि मेकॅनिकला म्हणाली, "इथे एक तारा जास्त आहे."

मेकॅनिक हसला. "आम्ही त्याला पेचकस म्हणतो, मॅडम. प्रोजेक्टरचा गोळा साफ करायला स्क्रू काढताना माझा पेचकस घसरला, पत्र्याला भोक पडलं. आतल्या दिव्याचा उजेड त्यातून घुमटावर पडतो. पण मावशींना सांगू नका हं. त्यांची लेक आहे ती. रोज दर्शन चालतं."

"आणि तुम्ही सगळे बघत बसता?"

"आपलं काय जातंय? तेवढीच करमणूक."

निवेदिकेला ना तो खोटा तारा सहन झाला, ना ती करमणूक. मावशींना निदान कुणीतरी शहाण्या माणसासारखं वागवायला हवं, असं तिला मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी खेळाआधी, सगळे दिवे लावून, तिने मावशींना गोळ्याजवळ बोलावलं आणि हातात भिंग दिलं. "हे सप्तर्षी. ही भोकं कशी गोल आहेत, बघा. यंत्राने पाडलेली. आणि हे एक वेडंवाकडं."

मावशींनी बराच वेळ पाहिलं. "खऱ्या आकाशात या जागी काय आहे?"

"साध्या डोळ्यांना दिसेल असं काही नाही."

मेकॅनिक डबीत काळा रंग घेऊन आला होता. त्याने खाली बघत विचारलं, "राहू देऊ का, मावशी?"

"त्यांना काय विचारता? चूक आहे ती," निवेदिका म्हणाली. मग आवाज मऊ करून, "खरं कळलेलं बरं असतं, मावशी. चार दिवस त्रास होतो, मग मोकळं वाटतं."

मेकॅनिकने ब्रशच्या टोकाने एक थेंब ठेवला. "वाळेपर्यंत हात लावू नका," तो सवयीने म्हणाला.

"फरशी पुसायची राहिलीय," म्हणून मावशी निघून गेल्या.

संध्याकाळी मात्र त्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या. "या अफाट पसाऱ्यात आपण किती लहान, आणि तरी आपल्याला तो कळतो," हे वाक्य निवेदिकेने दर खेळासारखंच भारावून म्हटलं. शेपटीखाली स्वच्छ काळोख होता.

"दिसली का गं?"

मावशींनी चप्पल काढली. 'दिसली' तोंडाशी आलं होतं. पण उशीवरून वर झालेला तो चेहरा बघून त्यांना एकदम कळलं, आपण त्या खुर्चीत इतके दिवस कशा दिसत असू. त्यांना त्या चेहऱ्याची किळस आली.

"ती नव्हतीच," त्या म्हणाल्या. "मेकॅनिकचा पेचकस घसरला होता. आज बुजवलं."

"काय बुजवलं?"

"भोक."

"उद्या नीट बघ," तो म्हणाला. "ढग असतील."

"घुमटात कसले ढग?" मावशी म्हणाल्या. "खरं कळलेलं बरं. चार दिवस त्रास होतो."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मावशींनी त्याचं ताट वाढलं, थोडा वेळ वाट पाहिली, मग स्वतःपुढे ओढून शेवटच्या घासापर्यंत जेवल्या.