एक वाडगा फोटोचा

"दोन सूप," त्याने सांगितलं आणि सांगून झाल्यावर जीभ चावली. समोर दुसरी खुर्ची रिकामीच होती.

खानावळवाल्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. दोन वाडगे आणून ठेवले आणि फडकं खांद्यावर टाकून तो गल्ल्याकडे वळला. फोटोग्राफरने कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर घेतली, पण उघडली नाही. एकतीस वर्षांची सवय, ती अशी एका दिवसात थोडीच जाते. कुठल्याही खानावळीत गेलं की दोन मागवायचे: एक फोटोचा, एक खायचा. खायचा त्याच्या बायकोचा. फोटोचा त्याचा, म्हणजे चाळीस मिनिटं वाडगा इकडे सरकव, तिकडे सरकव, खिडकीचा उजेड पकड, असं सगळं आटोपल्यावर वर साय धरलेलं जे काही उरेल ते त्याने चार घोटांत संपवायचं. एकतीस वर्षांत या माणसाने बाहेरचं गरम म्हणून काही खाल्लं नव्हतं. लोक मात्र त्याला खाण्यातला दर्दी समजायचे. आता बोला.

एका साप्ताहिकात त्याचं पान यायचं. आडवाटेवरची लहानसहान खाण्याची ठिकाणं, अर्धं पान फोटो, अर्धं पान मजकूर. मजकूर बायकोचा. ती पहिला घोट घ्यायची, डोळे मिटायची आणि काहीतरी भलतंच बोलायची. "भर दुपारी पाण्यात पाय सोडल्यासारखं लागतंय," म्हणायची. "लिहून घ्या." मग हा खिशातून चिठ्ठी काढून लिहून घ्यायचा. पानाखाली नाव एकट्याचंच. ती हसून म्हणायची, "नाव तुमचं, जीभ माझी." त्यालाही हसू यायचं. तिचंही नाव घालावं हे कधी सुचलं नाही, आणि तिने कधी मागितलं नाही.

भाषणाबिषणाला बोलावलं की लोक विचारत, तुम्हाला हे सगळं सुचतं कुठून. तो म्हणे, प्रवासातून. खरी गोष्ट एवढीच होती की स्कूटरवर मागे बसलेल्या बायकोचं नाक तिखट होतं. वास आला की ती त्याच्या पाठीवर दोनदा थापटायची. दोन थापा म्हणजे थांबा. झाला प्रवास, झाली प्रेरणा.

सात महिन्यांपूर्वी तिच्या घशाला किरणांचे उपचार सुरू झाले. गाठ गेली, चांगलं झालं, पण जाताना चव घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. ती काही आली नाही. घास गिळताना दुखायचं, आणि दुखवून घेऊन तोंडात जायची ती नुसती माती. कोण खाईल? वजन उतरत चाललं. मागच्या खेपेला डॉक्टरांनी चष्मा काढून सांगितलं की मंगळवारपर्यंत आणखी एक किलो कमी झालं तर नाकातून नळी घालावी लागेल. नळीला ती फार घाबरायची. तिच्या आईला घातली होती, त्यानंतर आई पुन्हा जेवली नव्हती.

परवा तिने आपण होऊन एक गोष्ट मागितली. "डोंगर उतरताना एका म्हाताऱ्याकडे आंबट सूप प्यालो होतो, आठवतं? ते मिळालं तर माझी चव परत येईल. मला वाटतंय तसं."

याला हर्षच झाला. चला, काहीतरी हवंय तर खरं. रात्रीची झोप बाजूला ठेवून त्याने माळ्यावरची सगळी खोकी खाली काढली. फोटो सापडला. निळ्या काठाचा वाडगा, वर वाफ, कडेला चमचा. सुरेख फोटो. आणि फोटोत वाडग्याशिवाय काही म्हणजे काही नव्हतं. मागची भिंत धूसर, टेबलाचा जेमतेम कोपरा. पाटी नाही, दार नाही, म्हातारा नाही.

यातच तर त्याची सारी शेखी होती. वाडग्याने बोललं पाहिजे, भोवतालच्या पसाऱ्याचं काय काम, असं तो शिकाऊ पोरांना सांगायचा. बायको प्रत्येक ठिकाणी म्हणायची, "एक पाटीचाही काढा हो, आपल्या आठवणीला." त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "मी काय वाटाड्या आहे?" छापून आलेल्या ठिकाणांचे पत्ते पानावर तरी होते. हे एकच ठिकाण छापलं नव्हतं. तिनेच अडवलं होतं. सगळंच जगाला कशाला सांगायचं, एखादं आपल्या दोघांचं असू दे, म्हणाली होती. त्या दिवशी चिठ्ठीही लिहू दिली नाही.

म्हणून आज सकाळी मेव्हणीला तिच्यापाशी बसवून तो स्कूटरवर निघाला होता. डोंगराचा रस्ता आता चौपट रुंद झालेला. ही तिसरी खानावळ.

त्याने खिशातला फोटो काढून खानावळवाल्यापुढे धरला. त्याने तो हातभर लांब धरून पाहिला, मग जवळ घेऊन पाहिला.

"वाडगा आहे हा," तो म्हणाला.

"हो. जागा कुठली ते सांगता येईल का? एक म्हातारा होता. आंबट सूप करायचा. वीसेक वर्षं झाली."

"साहेब, वाडगे सगळ्यांकडे असेच असतात. मागचं पुढचं काही नाही का यात?"

"नाही."

"फोटो काढणाऱ्याने जरा मागे सरून काढायचा ना," खानावळवाला सहज बोलून गेला. फोटोग्राफरने मान हलवली. खानावळवाल्याने मग भटारखान्यातल्या आपल्या बापाला हाक मारली. बापाने फोटो पाहिला आणि सांगितलं की रस्ता रुंद झाला तेव्हा उतारावरची अख्खी ओळ पाडली, सहा-सात दुकानं होती. त्यात एक म्हातारा होता खरा. की दोन होते? सूप विकायचा की नुसता चहा, ते काही त्याला आठवेना. माणसं कुठे पांगली तेही ठाऊक नव्हतं.

फोटोग्राफरने फोटो परत खिशात घातला. समोरचे दोन्ही वाडगे निवून गेले होते. बापाला काय वाटलं कोण जाणे, त्याने विचारलं, कुणासाठी हवंय. याने सांगितलं. बाप म्हणाला, त्याच्यासारखं येईल असं नाही, पण आंबट हवंय ना, आंबट करून देतो. त्याने लिंबू पिळून पातळ सूप उकळलं, थर्मासमध्ये भरलं, झाकण दोनदा घट्ट केलं. पैसे घेईना.

परतीच्या वाटेवर दोन तास थर्मास पायाशी डुगडुगत होता. दोनतीन ठिकाणी भाजल्या-तळल्याचा वास आला असावा. पाठीवर थाप पडली नाही, तो थांबला नाही.

घरी पोचला तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. मेव्हणी दारातच हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, सकाळपासून दोन चमचे दूध, बास. मी हात टेकले." मग थर्मासकडे बघून तिने डोळ्यांनीच विचारलं. त्याने नजर चुकवली. मेव्हणी वाडगा आणायला आत गेली.

बायको उशीला टेकून बसली होती. त्याला पाहून तिने स्वतःच केस मागे सारले.

"मिळालं?"

"मिळालं," तो म्हणाला.

"म्हातारा आहे अजून?"

"आहे. तुझी आठवण काढली त्याने." एकदा खोटं बोलायचं म्हटलं की हात कशाला आखडता घ्यायचा.

"पाटीचा फोटो काढलात?"

त्याने मेव्हणीने आणलेल्या वाडग्यात सूप ओतलं आणि चमचा घालून तिच्यापुढे केला. तिने तो दोन्ही हातांत धरला, वाफेवर तोंड नेलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने आधी डोळे मिटले. घोट घेतला. गिळताना मानेच्या शिरा ताणल्या. तो पलंगाच्या कडेवर बसून तिच्या ओठांकडे बघत होता. आता बोलेल, काहीतरी भलतंच बोलेल, असं मनातल्या मनात म्हणत होता.

तिने आणखी एक घोट घेतला. मग डोळे उघडले.

"काहीच लागत नाही हो," ती म्हणाली.

मेव्हणी दारातून मागे फिरली. त्याने वाडगा घ्यायला हात पुढे केला, काहीतरी समजावायला तोंड उघडलं, उद्या परत जातो, थोडं मीठ घालून बघू, असलं काहीतरी. तिने मान हलवली आणि वाडगा त्याच्या हातात दिला.

"तुम्ही प्या. गरम आहे तोवर. आणि मला सांगा."

त्याने चमचा तोंडात घातला. जिभेला चटका बसला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. आंबट होतं, पण आंबट म्हणून भागणार नव्हतं, ते तर कुणीही सांगेल. तिच्यासारखं काहीतरी हवं होतं. भर दुपार, पाणी, पाय, सगळे शब्द तिचेच डोक्यात येत होते, आणि तिचेच तिला कसे द्यायचे? एकतीस वर्षं तो शेजारी बसून नुसतं लिहून घेत होता. ती वाट बघत होती. अशी वाट तिने पूर्वी कधी पाहिली नव्हती, नेहमी तोच पाहायचा.

"गरम आहे," तो शेवटी म्हणाला.

ती क्षणभर थांबली, आणखी काही येतंय का म्हणून. मग जणू त्याने फार नेमकं सांगितलं असावं तशी तिने मान डोलावली आणि उशीवर डोकं टेकलं.

"लिहून घ्या," ती म्हणाली.

त्याने वाडगा खाली ठेवला, खिशातून चिठ्ठी काढली आणि तेवढंच लिहिलं.