धरायला कुणी लागत नाही

आमचे हे, म्हणजे उत्तमराव, चाळीस वर्षं घराचं छत स्वतःच रंगवत आले. लालबागच्या एका खोलीत असताना, आणि पुढे भाईंदर पश्चिमेला मोरव्याकडे हा फ्लॅट घेतल्यावरही. पद्धत ठरलेली. जेवणाच्या टेबलावर स्टूल, स्टुलावर हे, आणि खाली स्टूल धरायला मी. "मनोरमा, नीट धर. लक्ष कुठंय तुझं?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की स्वर्गात गेले तरी तिथे कुणाचं तरी स्टूल धरायलाच मला उभं करतील.

दोन वर्षांपूर्वी मात्र मी धरलं नव्हतं. गॅसवर दूध होतं. ह्यांनी हाक मारली, मी "आले" म्हटलं, आणि बाहेर येते तर हे फरशीवर. घोट्यात प्लेट आणि चार स्क्रू बसले. त्या दुधाबद्दल हे मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

यंदा वरच्या मजल्याच्या गळतीने हॉलच्या छताला परातीएवढा पिवळा डाग पडला. गळती थांबली, डाग राहिला. समोरच्या हंसाबेन म्हणाल्या, "उत्तमभाई, पेंटर बुला लो ना." "मेरे घर में पेंटर?" हे असं म्हणाले, जणू त्यांनी घरात चोर बोलवायला सांगितला होता.

आमच्या परागला आपला बाप माहीत आहे. त्याने पुण्याहून ऑनलाइन एक प्लॅटफॉर्म पाठवला. ॲल्युमिनियमचं लांब बाकच म्हणा. पाय ओढले की उंच होतं, फळी ओढली की लांब होते, आणि प्रत्येक ठिकाणी खटका. फोनवर मला म्हणाला, "आई, आता तू मधे पडू नकोस. बाबा एकटे करतील. ह्याला धरायला कुणी लागत नाही."

खरं सांगते, मला हे पुन्हा वर चढायला नकोच होते. अडीच फूट काय नि दहा फूट काय, हाडं तीच. पण नको म्हणू कशी? ह्या घरात बाकी सगळं माझं, छत तेवढं त्यांचं. तेही काढून घेतलं तर माणूस दिवसभर पेपर घेऊन बसेल, आणि मग माझंच डोकं खाईल.

बाक आलं आणि हॉलमध्ये आठ दिवस नुसतं उभं राहिलं. पहिल्या दिवशी ह्यांनी खटके तपासले. दुसऱ्या दिवशीही तपासले. मग सँडपेपर बारीक आहे म्हणून दुकानात गेले, मग जाड आहे म्हणून गेले. एक दिवस हवा दमट होती. मी बाकाला वळसा घालून झाडू मारत होते आणि मनात म्हणत होते, बाई, काहीतरी गडबड आहे.

नवव्या दिवशी हंसाबेननी दारातून विचारलं, "हो गया क्या, उत्तमभाई?" झालं. ह्यांनी बनियन चढवलं आणि जुना रंग खरवडायचा पत्रा घेऊन बाकावर पाय ठेवला.

"अहो, वरचं प्लास्टिक काढा आधी," मी म्हटलं.

"राहू दे. रंग सांडेल. नवीन आहे."

आमच्याकडे हा नियमच आहे. टीव्हीचा रिमोट पिशवीत असतो, फ्रिजच्या हँडलवरचं प्लास्टिक फ्रिजबरोबरच भंगारात गेलं. तर बाकाच्या खरखरीत फळीवर ते पातळ प्लास्टिक तसंच, आणि त्यावर हे.

"तू जा आत. धरायला लागत नाही ह्याला."

मी गेले नाही. गॅसही बंद केला होता. ह्यांनी पत्रा चालवला, जुना रंग भुरूभुरू पडला, प्लास्टिकवर साचला, आणि दुसरं पाऊल टाकताना टाच सटकन सरकली. मी दोन्ही हातांनी पोटरी धरली. हे गुडघ्यावर बसले, तिथून हळूहळू फळीवर. लागलं काही नाही. पण दोन्ही हातांनी फळीची कड घट्ट धरून ठेवली होती.

"प्लास्टिकमुळे," हे म्हणाले.

"तेच तर सांगत होते." माझी जीभ गप्प बसते थोडीच! त्यांना खाली उतरवून सोफ्यावर बसवलं आणि नखाने कोपरा उचलून ते प्लास्टिक एका दमात टराटरा सोलून काढलं. खाली छान खरखरीत फळी. "घ्या. आता नाही घसरणार."

हे उठले नाहीत. फळीकडे बघत राहिले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांचं निमित्तच काढून घेतलं होतं.

"वर गेलं की गरगरतं," हे हळूच म्हणाले. "पडल्यापासून. परागला सांगू नकोस."

 आठ दिवस ह्या माणसाने सँडपेपर बदलला, पण हे काही तोंडातून काढलं नाही.

मी पदर खोचला. "आणा तो पत्रा. चाळीस वर्षं खालून बघतेय, एकदा वरून बघू दे."

"तुला जमेल?"

"तुम्हाला जमत होतं ना? मग त्यात काय एवढं!"

चढले. आधी कपाटावरची धूळ दिसली, मग ह्यांचं टक्कल. वरून ते इतकं मोठं असेल असं वाटलं नव्हतं. पत्रा चालवला, पुट्टी भरली. हे खालून सांगत होते, "डावीकडे राहिलं. जोर नको लावू. आता सपाट ओढ." अगदी बरोबर सांगत होते.

तेवढ्यात परागचा व्हिडिओ कॉल आला. ह्यांनी तो उचलला आणि फोन सोफ्यावर टेकवून ठेवला, कारण त्यांना हात मोकळे हवे होते.

"आई? तू वर काय करतेयस? आणि बाबा, तुम्ही ते पाय कशाला धरून बसलात? मी सांगितलं होतं, त्याला धरायला कुणी लागत नाही!"

हे बाकाचे पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून होते, डोळे माझ्या टाचांवर.

"माहीत आहे आम्हाला," मी म्हटलं. "ठेव फोन. त्यांचं लक्ष जातंय."